अर्ज म्हाताऱ्यांनी नव्हे, गावानं करावा

धानोऱ्यातल्या चौसष्ट वर्षांच्या एखाद्या बाईला 'माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळत असतील, तर तिच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे एवढं सरकारला पुरतं. ती पासष्ट पूर्ण करते आणि ती योजना संपते. आता 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन' योजनेचे तेवढेच १,५०० रुपये हवे असतील तर नव्यानं अर्ज करावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखलाही लागतो. बाई तीच, घर तेच. फरक एवढाच की गुडघे आणखी दुखायला लागलेत आणि नजर आणखी मंदावली आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही सगळ्या कुटुंबाचे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानं अडुसष्ट दिवस खडी फोडली तरी मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे नियम जसा लिहिला आहे तसा पाळला, तर कष्ट करणाऱ्या घरातला म्हातारा अपात्र ठरतो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून दाखल्यावरचा आकडा नेहमी एकवीस हजारांच्या जरासा आतच असतो. हा आकडा सरकारनं केव्हाच बदलायला हवा होता.

धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हा लेख नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याच्या आणि त्याच्यासारख्या गावांतल्या वाचकांसाठी आहे: सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, आशाताई, बचतगटाच्या बाया, आणि ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे असे सगळेच. योजनांची माहिती यात येईल, पण माहिती कमी पडते म्हणून म्हातारी माणसं मागे राहतात, हे मला फारसं पटत नाही. कल्याणकारी राज्यानं आपल्याकडे वृद्धांसाठी बरंच काही कागदावर आणलं आहे, त्यातलं काही खरोखर चांगलं आहे. मात्र प्रत्येक सोयीचं दार वेगळं आहे आणि प्रत्येक दाराशी म्हाताऱ्या माणसानं स्वतः चालत जावं, अंगठा द्यावा, आपण गरीब आहोत आणि जिवंत आहोत हे सिद्ध करावं, अशी अपेक्षा आहे. ज्याला चालता येतं, दिसतं, ऐकू येतं आणि वाचता येतं, त्याला सेवा मिळते. ज्याला यातलं काही जमत नाही, त्याच्यासाठीच खरं तर ती सेवा काढलेली असते. अर्ज करण्याचं ओझं त्या एकट्या माणसावरून उचलून गावावर घ्यावं, एवढंच मला सांगायचं आहे. पुढे जे लिहितो ते हे कसं करायचं यासाठी आहे.

आधी वयाचाच घोळ पाहा. ज्येष्ठ नागरिक कायद्यात आणि २०१८ नंतरच्या राज्य धोरणात ज्येष्ठ म्हणजे साठ वर्षांचा. श्रावणबाळसाठी पासष्ट. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाला केंद्राच्या नियमानं साठ, पण महाराष्ट्रात तेही पासष्टालाच मिळतं. एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट. आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड सत्तर पूर्ण झाल्यावर. बँकेची घरपोच सेवा सत्तरच्या पुढे. मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टाच्या पुढे. उत्पन्नाचंही असंच: श्रावणबाळला २१,०००, वयोश्रीला दोन लाख, वय वंदना कार्डाला मर्यादाच नाही. हे सगळं शिकलेल्या माणसालाही लक्षात ठेवणं कठीण. शाळेत न गेलेल्या, मावची किंवा भिलीत बोलणाऱ्या आणि मराठी कामापुरती समजणाऱ्या आजीनं ते लक्षात ठेवावं, ही अपेक्षाच चूक आहे. गावात मात्र सत्तर-ऐंशी म्हाताऱ्या माणसांची एक वही असेल, तर कोणाचं केव्हा पासष्ट, केव्हा सत्तर, केव्हा पंचाहत्तर होतंय हे एका नजरेत कळतं.

त्या वहीत पहिला रकाना वयाचा असावा, आणि तोही तीन भागांत: आधारवरचं वय, शिधापत्रिकेवरचं वय, मतदारयादीतलं वय. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. सुरुवातीच्या त्या नोंदणीत ज्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता त्यांचं वय अंदाजानं लिहिलं गेलं, म्हणून आदिवासी गावांत एक जानेवारीला जन्मलेली माणसं इतकी भेटतात. अंदाज पाच-सात वर्षांनी कमी पडला असेल तर एकोणसत्तर वर्षांचा माणूस कागदावर पासष्टाचाही होत नाही. श्रावणबाळच्या नियमांत वयाच्या पुराव्यासाठी बऱ्याच वाटा आहेत: जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतली किंवा मतदारयादीतली नोंद, आणि यातलं काही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकानं किंवा त्याहून वरच्या सरकारी डॉक्टरनं दिलेला वयाचा दाखला. पण आता पैसे थेट आधारवरून खात्यात जातात, आणि संगणक वाचतो ते आधारवरचं वय. त्यामुळे तिन्ही कागदांत फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करावं, मग अर्ज करावा. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, म्हणून घाईनं चुकीचा पुरावा जोडू नये.

दुसरा रकाना खात्याचा. डिसेंबर २०२४ पासून संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांचे पैसे थेट हस्तांतरणानं यायला लागले. गावात ज्याला निराधारचा पगार म्हणतात, तो आता पासबुकावर लिहिलेल्या खात्यात येईलच असं नाही; आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं त्यात येतो. पुष्कळ म्हाताऱ्यांची दोन-तीन खाती असतात: एक जिल्हा बँकेत जुनं, एक जनधनचं, एक टपाल खात्यानं गावात येऊन उघडलेलं. मग आजी जुनं पासबुक घेऊन बँकेत जाते, पैसे नाहीत असं ऐकते आणि योजना बंद झाली असं समजून घरी येते. पैसे दुसऱ्याच खात्यात साठत असतात. ज्या कोणाचा पगार 'बंद पडला' असं ऐकू येतं, त्याचं आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे हे आधी तपासून घ्यावं. कोणत्याही बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात ते पाहता येतं. खातं निष्क्रिय झालं असेल तर केवायसी नव्यानं द्यावी लागते. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही. तिथे बुबुळाच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय मागावी, ती आधारच्या यंत्रणेत आहे. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे की सत्तरच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना रोकड देणं-घेणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला यांसाठी घरी जाऊन सेवा द्यावी. शाखेचे व्यवस्थापक माणसं कमी असल्याचं सांगतील, आणि ते खरंही असेल. पण एका आजोबाच्या विनंतीला नाही म्हणणं सोपं असतं. सरपंचाच्या सहीनं अंथरुणाला खिळलेल्या नऊ जणांची यादी आली की महिन्यातून एक दिवस गावात येणंच बँकेला सोयीचं पडतं.

तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो कुठल्याच सरकारी नमुन्यात नाही: दिवाळी ते होळी या काळात या माणसाजवळ घरात कोण असतं? नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी पावसाळ्यानंतर हजारो कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला आणि इतर मजुरीला जातात, बारडोलीपासून सौराष्ट्रापर्यंत. गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ढोरं राहतात. नेमकं याच मोसमात आणि त्याला लागून हयातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या मुदती येतात, त्या चुकल्या की पगार थांबतो. म्हणजे वर्षात ज्या महिन्यांत बरोबर यायला कोणी नाही, त्याच महिन्यांत म्हाताऱ्याला तालुक्याला जावं लागतं. यावर उपाय साधा आहे. तहसीलदारांना ग्रामपंचायतीनं लेखी विनंती करावी की हयातीची पडताळणी गावात शिबिर लावून करावी. महसूल खातं अशी शिबिरं घेतं. मागणाऱ्या गावाला ती आधी मिळतात.

आता ज्या सोयी आहेत त्या पटकन सांगून टाकतो, कारण त्या बहुतेक ठिकाणी छापलेल्या सापडतील. पासष्टाच्या आतल्या विधवा, अपंग किंवा निराधार माणसासाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. पासष्टाच्या पुढे श्रावणबाळ. दोन्हींचा अर्ज तलाठ्याकडे किंवा सेतू केंद्रातून, मंजुरी तहसीलच्या पातळीवर. अर्ज दिला की पोच आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये. दाखल्यांना उशीर झाला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये एकदाच खात्यात येतात. अर्ज नंदुरबारला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. पैसे आल्यावर वस्तूची पावती द्यावी लागते, ती जपून ठेवावी. रेशनवर, ज्या कुटुंबाचा कर्ता साठीच्या पुढचा आहे आणि ज्याला उत्पन्नाचा भरवसा नाही, ते अंत्योदयच्या निकषांत बसतं आणि महिन्याला ३५ किलो धान्याला पात्र ठरतं. दुकानापर्यंत जाता येत नसेल तर प्रतिनिधी नेमून मागावा. एसटीच्या सवलतीबद्दल एक बारीक गोष्ट, जी सीमेजवळच्या आपल्या गावांना लागू पडते: पंचाहत्तरच्या पुढचा मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. गुजरातेत लेकीकडे जाणाऱ्या आजीनं पुढचं भाडं हाताशी ठेवावं. एखाद्या म्हाताऱ्याला मारहाण होते, उपाशी ठेवलं जातं, किंवा तो वाट चुकून कुठे सापडला, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत दूरध्वनी आहे.

आरोग्याकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरच्या पुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत असो वा गरीब, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतं. कार्ड जरूर काढावं, आजारी पडण्याआधी काढावं. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं. गावातल्या म्हातारपणाचं दुखणं बहुतेक वेळा दाखल होण्याजोगं नसतं: रक्तदाबाची गोळी संपली, मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, न्हाणीत पाय घसरला, लघवी धरवत नाही, रात्री उठून कुठे निघालो हे आठवत नाही. यासाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांसाठी तपासणी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी भेट देणं अपेक्षित आहे. ती आठवड्याची तपासणी आपल्या केंद्रात कोणत्या वारी होते, हे ग्रामपंचायतीनं वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारावं. होत नसेल तर प्रश्न विचारल्यानं सुरू होण्याची शक्यता वाढते.

आणि इथेच माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत बळकट पुरावा आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? अपंगत्वामुळे हालचालीवर मर्यादा येते का? खाणं, कपडे घालणं, अंघोळ, शौच यांना दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतो का? म्हणजे गावात कोणाला आधार लागतो हे सरकारनं आधीच विचारून ठेवलं आहे. ती माहिती आरोग्य खात्याच्या कागदांत आहे. निराधार योजनेची यादी महसूल खात्यात आहे, रेशनची पुरवठा खात्यात, वयोश्रीची समाजकल्याणमध्ये. जिला तोल सांभाळता येत नाही असं एका कागदावर लिहिलं आहे, तिलाच दुसरा कागद तालुक्याला बोलावतो. चारही खाती एकाच म्हातारीला ओळखतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. हे जोडण्याचं काम मुंबईतून होईल तेव्हा होईल. गावात आशाताई, तलाठी, रेशन दुकानदार आणि ग्रामसेवक एका ओट्यावर बसले तर दुपारभरात होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: म्हाताऱ्या आईबापाला सांभाळणं हे लेकरांचं काम, त्यात गावाचं आणि सरकारचं काय? कायदाही असंच म्हणतो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्यावर सांभाळण्याची जबाबदारी टाकतो. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, वकील लागत नाही, नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च ठरवता येतो. ज्याचा मुलगा शिक्षक आहे, पोलिसात आहे, सुरतेत दुकान चालवतो आणि तरी विचारत नाही, त्यानं हा मार्ग बेलाशक वापरावा. लाजण्याचं कारण नाही, लाजायचं असेल तर त्या मुलानं. जमिनीबाबत एक सावधगिरी याच कायद्यातली: बक्षीसपत्र करून जमीन मुलाच्या नावे करायची असेल तर त्यानं आपल्याला सांभाळावं ही अट त्या कागदात लिहावी. कलम २३ प्रमाणे, सांभाळ न केल्यास असं हस्तांतर रद्द करता येतं. पण तशी अट होती हे सिद्ध व्हावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. २०२५ च्या निकालात न्यायालयानं कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला, तरी अट लिहिलेली बरी. वनहक्काचा पट्टा असेल तर तो वारसानं जातो, विकता किंवा बक्षीस देता येत नाही. कोणी तशा कागदावर अंगठा मागत असेल तर देऊ नये.

पण धानोऱ्याच्या परिसरातल्या किती घरांत हा कायदा कामाचा आहे? जो मुलगा स्वतः कोयता घेऊन मुकादमाची उचल फेडतोय, त्याच्यावर निर्वाह खर्चाचा हुकूम काढून काय येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? कायद्याची मांडणी अशी आहे की मुलांकडे आहे आणि ते देत नाहीत. इथे बहुतेकदा मुलांकडे नाही, आणि ते इथे नाहीत. अशा घराला न्यायालय नको, पाठीवर हात हवा. याच कायद्यात राज्यानं जिल्ह्यागणिक निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही आहे. ती करायची की नाही हे मात्र राज्याच्या मर्जीवर सोडलं आहे. कुटुंबावरची सक्ती ठाम आणि सरकारवरची सैल, हा या कायद्याचा दोष मला लपवावासा वाटत नाही.

दुसरा आक्षेप: पैसे हातात आले की मुलं हात झटकतात, आणि म्हाताऱ्यांनाही फुकटची सवय लागते. दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकात कृष्णवर्णीय वृद्धांना भरीव पेन्शन मिळू लागलं. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की आजीला पेन्शन मिळणाऱ्या घरांत नातींची तब्येत सुधारली. म्हातारीच्या हातातला पैसा घरातच जिरला, तोही लेकरांच्या ताटात. आपल्याकडेही, जिथे ऊसतोडीच्या मोसमात आजी-आजोबाच नातवंडांना सांभाळतात, तिथे तो पगार दुसरीकडे कुठे जाणार? सवयीबद्दल म्हणायचं तर केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला साठ ते एकोणऐंशी वयाचा वाटा गेली सुमारे वीस वर्षं २०० रुपयेच आहे. त्याची सवय लागावी इतका तो मोठा नाही. बाकीचं राज्य घालतं.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो: हे सगळं स्वीडन-जपानसारख्या श्रीमंत देशांचं काम आहे. तिथलं बारकाईनं पाहिलं तर धडा वेगळाच निघतो. स्वीडनमध्ये घरी येऊन अंघोळ घालणारी, जेवण देणारी मदत नगरपालिका देते. १९९२ च्या सुधारणेनं वृद्धांच्या निगेची बरीच जबाबदारी मुद्दाम खालच्या पातळीवर आणली गेली. डेन्मार्कनं १९९० च्या दशकाअखेर पंचाहत्तरीच्या पुढच्यांना नगरपालिकेनं घरी भेट देऊन विचारपूस करण्याचा कायदा केला, म्हणजे अर्जाची वाट न पाहता. जपाननं एप्रिल २००० मध्ये निगेचा विमा सुरू केला. चाळिशीच्या पुढचे सगळे हप्ता भरतात, आणि कोणाला कोणती मदत लागते याचा आराखडा करणारा एक माणूस नेमून दिलेला असतो. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे खरं. पण तिघांनीही आधी ठरवलं ते हे, की दारापर्यंत कोणी जायचं. केरळात तर पैसाही तितका नव्हता. तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका नेण्याची व्यवस्था उभी केली, आणि २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं. धानोऱ्यासारख्या गावानं बघायचं असेल तर स्टॉकहोमकडे नको, केरळातल्या मलप्पुरमकडे बघावं.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. गावानं अर्ज करायचा म्हणजे पुन्हा एक दलाल तयार होणार. दाखल्याला दोनशे, मंजुरीला पहिल्या महिन्याचा पगार, हे कुठे होत नाही? म्हणून सोबत करणाऱ्या माणसाची निवड आणि त्याच्यावरची नजर दोन्ही ग्रामसभेनं ठरवावी. उमेदच्या बचतगटातली एखादी लिहिती-वाचती बाई यासाठी सगळ्यांत योग्य, कारण म्हाताऱ्या बायका तिच्याशी मोकळं बोलतात आणि गट तिला ओळखतो. तिनं कोणाचंही पासबुक, कार्ड किंवा आधार स्वतःकडे ठेवायचं नाही, कोणाच्या वतीनं पैसे काढायचे नाहीत. तिचं काम सोबत जाणं, कागद भरणं, पोच घेणं आणि वहीत नोंद करणं एवढंच. तिला गाडीभाडं आणि थोडं मानधन ग्रामपंचायतीनं द्यावं. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसाच्या पाच टक्के अबंध निधीतल्या आरोग्याच्या कामांखाली ते बसवता येतं का, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारावं. १९९६ च्या पेसा कायद्यानं अशा गावांतल्या ग्रामसभेला योजनांचे लाभार्थी ओळखण्याचा अधिकारही दिला आहे. ग्रामसेवकावर आणखी एक काम टाकू नये, हे म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच ही बाई वेगळी हवी.

वेळ म्हणाल तर २ ऑक्टोबरची ग्रामसभा. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या नसतात, मुलं गावात असतात, आणि आईबापाच्या कागदांचं काय ते त्यांच्यासमोर बोलता येतं. कोण कधी परतणार, मागे कोणाचा फोन नंबर ठेवायचा, आजीच्या गोळ्या कोण आणणार, हे वहीत तेव्हाच लिहून घ्यावं. ठराव लांबलचक नको. साठीच्या पुढच्या सर्वांची वही करण्यात येत आहे; अमुक बाईंना सोबतीण म्हणून नेमण्यात येत आहे; हयातीच्या पडताळणीचं शिबिर, बँकेची महिन्यातली एक फेरी आणि आरोग्य केंद्रातली ज्येष्ठांची साप्ताहिक तपासणी यांची मागणी करण्यात येत आहे; दर ग्रामसभेत वहीतल्या नव्या आणि थांबलेल्या पगारांची संख्या, नावं न घेता, वाचून दाखवली जाईल. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक बँकेच्या शाखेला आणि एक वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी आणि चारही ठिकाणी तारखेसह पोच घ्यावी. २६ जानेवारीच्या सभेला त्या चार पोच घेऊन बसावं आणि कोणाकडून काय उत्तर आलं ते एकेक करून विचारावं.